आर्मीत डॉक्टर म्हणून जायचंय ना, मग हे वाच

प्रिय बेटा,

गणपतीत घरी आलीस तेव्हा विचारलंस की काका, प्रत्यक्ष लढाई चालू असताना डॉक्टर नक्की काय करतो? पाहुण्यांच्या गर्दीत एवढं बोलणं होणार नव्हतं म्हणून आज लिहितोय. तुझी इंटर्नशिप संपत आली, शॉर्ट सर्व्हिसचा, म्हणजे आर्मीत ठराविक वर्षांसाठी डॉक्टर म्हणून जायचा फॉर्म भरायचं तू ठरवलंयस, तर मी नर्सिंग असिस्टंट म्हणून आयुष्य काढलं त्यातलं जे कामाचं आहे ते तुला आधीच कळलेलं बरं.

पहिली गोष्ट, सगळ्यात पुढचा डॉक्टर सगळ्यात कमी करतो. हे पचायला जड जातं, कारण कॉलेजात तुम्हाला पेशंट पूर्ण बरा करायला शिकवतात. पण तिकडे तुझं काम काय, तर जखमी जवान पुढच्या टप्प्यापर्यंत जिवंत पोचला पाहिजे, बस्स. त्याच्या पलीकडचं करत बसलीस तर हा वाचेल कदाचित, पण मागून येणारे दोघं जातील.

सुरुवात तर डॉक्टरच्याही आधी होते. गोळी लागली की पहिला हात त्याचा स्वतःचा नाहीतर शेजारच्या जवानाचा. प्रत्येकाच्या खिशात फर्स्ट फील्ड ड्रेसिंग असतं, आणि नियम असा की जखमीचंच ड्रेसिंग जखमीला वापरायचं, आपलं नाही, कारण पाच मिनिटांनी आपल्यालाच लागेल. फायर चालू असताना सीपीआर नाही, सलाईन नाही, टूर्निकेट, म्हणजे रक्त थांबवायला हातापायाला बांधायचा पट्टा, आवळायचं आणि आडोशाला ओढायचं. अमेरिकन सैन्याने 2001 ते 2011 मधल्या आपल्या 4,596 मृत्यूंचा अभ्यास केला होता, त्यात जवळपास दहातले नऊ जण ऑपरेशन टेबलापर्यंत पोचायच्या आधीच गेले होते, आणि त्यातले जे वाचू शकले असते असं वाटलं ते बहुतेक सगळे रक्तस्रावाने गेले. म्हणजे हुशार सर्जन मागे बसलाय त्याचा उपयोग कधी, तर पुढे कुणीतरी दोन मिनिटांत रक्त थांबवलं तर.

मग येतो रेजिमेंटल एड पोस्ट, आरएपी, म्हणजे पलटणीचा स्वतःचा पुढचा दवाखाना. तुझं पहिलं पोस्टिंग पलटणीत आलं तर तू तिथली आरएमओ, म्हणजे पलटणीची डॉक्टर. एखादा बंकर किंवा तंबू, तू आणि मोजके नर्सिंग असिस्टंट. श्वास मोकळा कर, रक्त बघ, छातीत हवा अडकली असेल तर सोड, दुखणं कमी कर, आणि जखमीबरोबर मागे जाणारं कार्ड लिही. कार्डावर मी मुद्दाम जोर देतोय. टूर्निकेट किती वाजता बांधलं, मॉर्फिन कधी दिलं, हे लिहिलं नाही तर पुढच्या टप्प्यावरचा डॉक्टर परत मॉर्फिन देईल आणि त्याचा श्वास बंद पडेल. उंचावर थंडीत बॉलपेन चालत नाही, पेन्सिल ठेवायची. सलाईनच्या पिशव्या जॅकेटच्या आत अंगाशी ठेवायच्या, नाहीतर गोठतात. हे कुठल्या पुस्तकात सापडणार नाही, तुझा नर्सिंग असिस्टंट सांगेल. तो वयाने मोठा असेल, रँकने लहान, पण त्याचं ऐकायचं.

आरएपीच्या मागे फील्ड हॉस्पिटल युनिटचं (आधी त्याला फील्ड ॲम्ब्युलन्स म्हणायचे) ड्रेसिंग स्टेशन, त्याच्या मागे फॉरवर्ड सर्जिकल सेंटर, मग बेस हॉस्पिटल, मग कमांड हॉस्पिटल. यात एक पद्धत फार विचार करून ठरवलेली आहे. जखमींना मागे नेणं ही मागच्याची जबाबदारी, म्हणजे गाडी आणि माणसं मागून पुढे येतात. आरएमओच जर एका जखमीबरोबर गाडीत बसून गेली तर पलटणीला डॉक्टर कोण? कितीही वाटलं तरी तू जागा सोडायची नाहीस.

आणि हा मधला प्रवासच सगळ्यात अवघड. संध्याकाळी घोडबंदर रोडला ॲम्ब्युलन्स अडकते तेव्हा आपला जीव कासावीस होतो, इथे तर रस्ताच नसतो. कारगिलला 1999 साली द्रासच्या बाजूची शिखरं 16 हजार फुटांच्या आसपास होती, तिथून स्ट्रेचर खांद्यावरच उतरतं, माणसं आलटून पालटून लावावी लागतात आणि तासन् तास जातात. चीता हेलिकॉप्टर येतं, पण त्या उंचीवर हवा विरळ, वजन फार उचलत नाही, आणि वातावरण बिघडलं की तेही नाही. म्हणून आरएपीत तू धरून चाल की हेलिकॉप्टर येणार नाही, आलं तर उत्तमच.

सर्जिकल सेंटरमध्येही तेच, कमी करा आणि पुढे पाठवा. पोटात रक्त वाहतंय तर ते थांबवायचं, फाटलेलं आतडं बांधून घाण आवरायची, आत पट्ट्या दाबून भरायच्या, पोट तात्पुरतं झाकून मागे पाठवायचं, खरं ऑपरेशन एक-दोन दिवसांनी. गोळीची जखम लगेच शिवायची नाही, मेलेलं मांस काढून उघडी ठेवायची, चार-पाच दिवसांनी बघायचं. कळव्याला कॅज्युअल्टीत रेल्वेतून पडलेले पेशंट तू बघतेस, मातीने भरलेली जखम घाईने शिवली की काय होतं हे तुला मी सांगायला नको.

ट्राएजबद्दल, म्हणजे कुणावर आधी उपचार करायचे ते ठरवण्याबद्दल, लिहायला हात थोडा थांबतोय. तुमच्याकडे सगळ्यात सिरियस पेशंट आधी. तिकडे एकदम पंधरा जण आले तर आधी तो, ज्याला आत्ता केलं तर वाचेल. जो काहीही केलं तरी जाणार आहे त्याला बाजूला ठेवायचं, दुखणार नाही एवढं बघायचं, कुणीतरी हात धरून बसवायचं, आणि थोड्या वेळाने परत येऊन तपासायचं, कारण आपला अंदाज चुकू शकतो. हे पोरगं कालपर्यंत तुझ्याबरोबर चहा प्यायलेलं असेल. याची तयारी आत्तापासून कर, कारण त्या क्षणी विचार करायला वेळ नसतो. आणि शत्रूचा जखमी आला तर त्यालाही याच रांगेत घ्यायचं, फक्त जखम बघून. जिनिव्हा करार तेच सांगतो. 1971 च्या युद्धात आपल्या गोरखा पलटणीतले अधिकारी इयान कार्डोझो साहेब यांचा पाय गेला तेव्हा त्यांच्यावर ऑपरेशन करणारा सर्जन पकडलेला पाकिस्तानी मेजर होता. पुढे साहेबांनी नकली पायावर पलटण कमांड केली.

आपल्या लोकांचा इतिहास वाचायचा असेल तर कोरियाच्या युद्धात गेलेल्या आपल्या 60 पॅरा फील्ड ॲम्ब्युलन्स या वैद्यकीय युनिटचं वाच. 1950 च्या माघारीत यांच्याकडे गाड्या नव्हत्या, सामान जाळून निघा असं सांगितलं गेलं, तर यांनी एक जुनं वाफेचं इंजिन मिळवलं, स्वतः पाणी भरलं आणि सगळं सामान बाहेर काढलं. औजारं नसली तर हातात डॉक्टरकी असून काय करणार? पुढच्या मार्चमध्ये त्यातलेच लोक युनिटचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल रंगराज यांच्याबरोबर पॅराशूटने उतरले.

आणि साखळी कमांड हॉस्पिटलला संपत नाही. पुण्यात आर्टिफिशियल लिंब सेंटर आहे, खडकीला कमरेखाली अधू झालेल्या जवानांसाठी पॅराप्लेजिक सेंटर आहे, सुट्टीत दोन्ही बघून ये. आपले सांगलीकडचे मुरलीकांत पेटकर 1965 च्या लढाईत गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले आणि 1972 ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आले. आरएपीत तुझ्यासमोर येणारा जवान तुला फक्त दहा-पंधरा मिनिटं दिसेल, त्याचं पुढचं आयुष्य दिसणार नाही, म्हणून म्हणतो हे बघून ये.

आता कॅज्युअल्टीत आहेस तोवर छातीत ट्यूब घालायचा हात बसव, आणि प्रत्येक पेशंट पुढे देताना चार ओळीत हँडओव्हर लिहायची सवय लाव. रविवारी ऐरोलीला ये, माझ्याकडे टूर्निकेट आहे, लाइट बंद करून एका हाताने स्वतःच्याच दंडाला बांधायची प्रॅक्टिस करू. आईलाही घेऊन ये, तिला फॉर्मबद्दल काय विचारायचंय ते माझ्यासमोरच विचारू दे.

तुझा,
काका