दुपटं आणि उपकारस्तुती

मावशी,
मी सांगलीची. पाच महिन्यांपूर्वी, सातव्या महिन्यात, माझं बाळ पोटातच गेलं. आता जावेला मुलगा झालाय. सासूबाईंनी येत्या रविवारी घरी उपकारस्तुतीची, म्हणजे देवाचे आभार मानायची, सभा ठेवलीय, आणि मीही उभं राहून साक्ष द्यावी, देवाने माझं काय भलं केलं ते सगळ्यांपुढे सांगावं, असं त्यांचं म्हणणं. 'सर्व स्थितीत उपकारस्तुती करा' हे बायबलमधलं वचन दिवसातून दोनदा ऐकते. माझ्या बाळासाठी शिवलेलं दुपटंही त्या दिवशी जावेच्या बाळाला द्यायचं ठरलंय. मनात नसताना आभार मानणं खोटं नाही का? आणि नाही मानले, तर माझा विश्वास कमी पडला का?
— एक सून

पोरी,
साक्ष देऊ नकोस. हे आधी सांगते, कारण रविवार जवळ आलाय. पाळकसाहेबांना आजच फोन कर, नाहीतर नवऱ्याला करायला लाव. 'साक्षीसाठी माझं नाव पुकारू नका', एवढंच सांगायचं.

आता वचनाचं. थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र, ५:१८. तिथे 'सर्व स्थितीत' आहे, 'सर्व स्थितीबद्दल' नाही. सासूबाई म्हणतील, इफिसकरांस पत्रात ५:२० ला सगळ्याच गोष्टींबद्दल आभार मानायला सांगितलंय. सांगितलंय खरं. पण ही पत्रं लिहिणारा तोच पौल रोमकरांना लिहितो, आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद करा, रडणाऱ्यांबरोबर रडा. रडणारीला उभं करून तिच्याकडून आभार वदवून घ्या, असं त्याने कुठे लिहिलेलं मला तरी सापडलं नाही.

आणि प्रभुभोजनाची, येशूच्या शिष्यांबरोबरच्या शेवटच्या जेवणाची, रात्र आठव. धरून दिला गेला त्याच रात्री येशूने भाकरी हातात घेऊन उपकारस्तुती केली. त्यासाठीच्या ग्रीक शब्दावरूनच प्रभुभोजनाला 'युखरिस्त' म्हणतात. आभार मानले ते भाकरीचे, प्याल्याचे. तिथून उठून गेथशेमाने बागेत गेला, तेव्हा मात्र पालथा पडून 'हा प्याला टळून जावो' म्हणाला, म्हणजे पुढ्यात आलेलं दुःख. रात्र तीच, तोंडही तेच. त्याचा विश्वास कमी पडला, असं म्हणायची कुणाची छाती आहे?

आपल्या भाषेत 'उपकार' म्हटला की फेड आलीच. सासूबाईंच्या मनात बहुधा तेच असणार. नातू दिला, आता वेळेवर आभार मानले नाहीत तर देवाला राग येईल. नवस फेडावा तसं. मी त्यांना नावं ठेवत नाही, धास्तावल्या असतील. त्यांचंही एक नातवंड गेलंय, हे तुमच्या घरात कुणी त्यांच्याजवळ बोललंय का?

माझ्या लहानपणी साताऱ्याकडे हंगामाच्या सणाला लोक शेतातलं आणून चर्चमध्ये वेदीपुढे ठेवायचे, मग बाहेर त्याचा लिलाव व्हायचा. दहा रुपयांची कोंबडी पन्नासाला जायची, पोरं ओरडायची, मजा असायची. एका वर्षी कोरेगावकडची एक म्हातारी पदरात घेवडा घेऊन आली. त्याच पावसाळ्यात तिचा तरणा मुलगा गेला होता. कुणीतरी उत्साहाने म्हणालं, आजी, साक्ष द्या. ती म्हणाली, "पाऊस पडला, घेवडा आला, तो आणलाय. पोराचं मी देवाला विचारणार हाय." आणि घेवडा ओतून, पदर झटकून खाली बसली. देवळात चिडीचूप. आभार मानणं म्हटलं की मला अजून तो झटकलेला पदर दिसतो. मिळालं त्याचे आभार तिने मानले, गेलं त्याचे मानले नाहीत, आणि देवाशी बोलणंही सोडलं नाही.

तुझ्याजवळ आत्ता घेवडा नसेल, तर नसू दे. स्तोत्र १३ वाच, सहाच वचनं आहेत. सुरुवातीला 'कोठवर' हा एकच सवाल पुन्हा पुन्हा, आणि शेवटी गाणं. गाण्यापर्यंत पोचवत नसेल तर स्तोत्र ८८ घे. ते अंधारातच संपतं, आभाराचा एक शब्द त्यात नाही, तरी पवित्र शास्त्रातून ते कुणी काढलेलं नाही.

रविवारी बसवेल तेवढं बस. पहिल्या गीतानंतर उठून आत गेलीस तरी चालेल. मात्र आत म्हणजे चहा करायला नव्हे. जावेशी आधी एकटीने बोल, बाळंतीण आहे ती, तिलाही तुझ्याकडे बघायचा धीर होत नसेल.

दुपटं देऊ नकोस. मारुती रोडवर हवी तेवढी नवी मिळतात, नवऱ्याला पाठव. हे तुझं, तुझ्या कपाटात राहू दे.

— मावशी