निन्टेंडो डीएसवरचा 'ब्रेन एज' रोज खेळल्याने आईची स्मरणशक्ती खरोखर सुधारेल का?

तुमच्या प्रश्नाचा आशय असा, की भावाने परदेशातून आईंसाठी जुने निन्टेंडो डीएस (हातात धरून व्हिडिओ गेम खेळायचे छोटे यंत्र) आणि त्यावरचा 'ब्रेन एज' हा खेळ आणला. पहिल्याच चाचणीत सत्तरीतल्या आईंच्या 'मेंदूचे वय' ८० आले आणि त्या खट्टू झाल्या. तर हा आकडा कितपत खरा मानायचा आणि खेळ रोज खेळला तर विसरभोळेपणा कमी होतो का. मी हा खेळ काही वर्षे नियमित खेळलो आहे आणि मानसशास्त्रीय चाचण्या शिकवणे हा माझा व्यवसाय होता, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आधी आकड्याविषयी, कारण तुमच्या आईंना त्याचीच धास्ती वाटते आहे. या खेळात मेंदूचे वय २० ते ८० या मर्यादेतच मोजले जाते. २० म्हणजे सर्वोत्तम आणि ८० म्हणजे तळ. पहिल्या दिवशी हा तळ गाठणारे विशी-तिशीतले विद्यार्थीही मी पाहिले आहेत. त्याचे कारण मेंदूत फार नसते, हातात असते. डीएसच्या स्पर्श-पडद्यावर स्टायलसने, म्हणजे पेनासारख्या काडीने, इंग्रजी आकडा लिहायचा आणि यंत्राने तो ओळखायचा, अशी रचना असल्यामुळे उत्तर मनात तयार असूनही यंत्राला आपला ४ हा ९ वाटला, की वेळ वाया जातो आणि वय वाढते. देवनागरी अंक लिहिण्याची सवय ज्यांच्या हातात मुरलेली आहे त्यांना हा त्रास आणखी होतो, कारण घाईत लिहिताना हात जुन्या वळणावर जातो. पहिल्या पंधरवड्यात मेंदूचे वय भराभर उतरते, ते बहुतांशी या यंत्राला समजेल असे लिहायला आपण शिकतो म्हणून. चाचण्यांच्या शास्त्रात याला सरावाचा परिणाम म्हणतात आणि कोणतीही चाचणी पुन्हा पुन्हा दिली की तो दिसतोच. आज ८० आल्याने तुमच्या आईंचे काही बिघडलेले नाही, आणि महिन्याभराने ४५ आले तरी त्या पस्तीस वर्षांनी तरुण झाल्या असे होणार नाही, हे दोन्ही त्यांना आताच सांगून ठेवा.

दुसरी अडचण भाषेची आहे आणि माझ्या मते ती अधिक महत्त्वाची आहे. वय काढताना जी स्ट्रूप चाचणी येते, तिचे मूळ जॉन रिडली स्ट्रूप या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९३५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत आहे. पडद्यावर 'रेड' हा शब्द निळ्या रंगात दिसतो आणि आपण शब्द न वाचता रंगाचे नाव मोठ्याने सांगायचे असते. वाचन इतके अंगवळणी पडलेले असते की शब्दच आधी तोंडात येतो, तो गिळून रंग सांगण्यात वेळ जातो, आणि हा जो उशीर होतो तोच मोजायचा असतो. आता ज्यांचे सारे शिक्षण मराठीत झाले त्यांच्या बाबतीत दोन गोष्टी उलटसुलट घडतात. ज्या भाषेवर आपली पकड कमी, तिच्यातला शब्द आपल्याला तितका आडवा येत नाही, त्यामुळे चाचणी सोपी होते. पण त्याच भाषेत रंगाचे नाव चटकन आठवावे लागते, त्यामुळे ती अवघडही होते. त्यात यंत्राला उच्चार समजायला हवा. 'ब्लू' हा शब्द न ओळखण्याबद्दल तर हा खेळ इंग्रजी मातृभाषा असलेल्यांतही बदनाम आहे. दोन मिनिटांत चार-चार अक्षरांचे ३० इंग्रजी शब्द पाठ करून मग आठवतील तेवढे लिहायचे, या चाचणीचीही तीच गत. मूळ जपानी आवृत्तीत हे शब्द जपानी होते आणि खेळणाराही जपानी होता. आपल्याकडच्या माणसाच्या स्मरणशक्तीबरोबर त्याचे इंग्रजीही नकळत तपासले जाते, आणि निकाल मात्र वयाच्या रूपात समोर येतो. आकडेमोडीच्या सरावांना ही बाधा नाही, म्हणून आईंची प्रगती पाहायचीच असेल तर वयाच्या आलेखाऐवजी २० किंवा १०० गणितांच्या सरावाला लागणारा वेळ पाहावा, असे मी सुचवेन.

खेळ मुळात कोठून आला हे थोडे कळले, की त्याच्याकडून काय अपेक्षा ठेवावी याचाही अंदाज येतो. जपानमधल्या सेंदाई शहरातील तोहोकू विद्यापीठात मेंदूचे चित्रण करणारे संशोधक र्‍युता कावाशिमा यांना असे दिसले होते की अवघड कोडे सावकाश सोडवताना जेवढा पुढच्या मेंदूतला रक्तप्रवाह वाढतो, त्यापेक्षा साधी बेरीज-वजाबाकी झपाट्याने करताना किंवा मोठ्याने वाचताना तो अधिक वाढतो. त्यावरून त्यांनी प्रौढांसाठी सोप्या गणितांची सराव-पुस्तके काढली. त्यांतले २००३ साली आलेले पुस्तक जपानमध्ये अफाट खपले. निन्टेंडोचे तेव्हाचे अध्यक्ष सातोरू इवाता यांना व्हिडिओ गेम मुलांच्या पलीकडे, म्हणजे जे त्याला कधी हात लावत नाहीत अशा मोठ्या माणसांपर्यंत न्यायचे होते. कावाशिमांनी भेटीसाठी दिलेला दिवस नेमका डीएस जपानच्या बाजारात येण्याचा, २ डिसेंबर २००४ हा होता. इवाता तरीही गेले आणि थोड्या वेळासाठी ठरलेली भेट तीन तास चालली, असे त्यांनी पुढे एका भाषणात सांगितले. नऊ जणांच्या चमूने काही महिन्यांत खेळ तयार केला आणि १९ मे २००५ रोजी तो जपानमध्ये आला. अमेरिकेत तो एप्रिल २००६ मध्ये 'ब्रेन एज' या नावाने आणि युरोपात त्याच वर्षी जूनमध्ये 'डॉ. कावाशिमाज ब्रेन ट्रेनिंग' या नावाने पोचला. भावाने युरोपातली प्रत आणली असती तर तिच्यावर हे दुसरे नाव दिसले असते. खेळ एकच आहे. त्याच्या जगभरात सुमारे १ कोटी ९० लाख प्रती खपल्या. कावाशिमांनी आपल्या वाट्याचे मानधन स्वतःकडे न ठेवता विद्यापीठातल्या प्रयोगशाळांकडे वळवले आणि घरचे त्यावरून नाराज असल्याचेही मोकळेपणी सांगितले. त्यामुळे या गृहस्थांच्या हेतूबद्दल मला शंका नाही.

शंका आहे ती त्यांच्या मूळ अनुमानाबद्दल. एखादे काम करताना मेंदूच्या एखाद्या भागात रक्तप्रवाह वाढतो, याचा अर्थ तो भाग त्या वेळी कामाला लागला आहे, एवढाच निश्चित. त्यातून तो भाग कायमचा बळकट होतो आणि ते बळ बाजारहाट, औषधांच्या वेळा, माणसांची नावे अशा इतर कामांतही उतरते, हे वेगळे सिद्ध करावे लागते. इथेच गाडे अडते. २०१० साली 'नेचर' या नियतकालिकात एड्रियन ओवेन आणि सहकाऱ्यांनी बीबीसीच्या साहाय्याने केलेला मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात १८ ते ६० वयाच्या ११,४३० जणांनी सहा आठवडे संगणकावर असे सराव केले. ज्या कामांचा सराव केला त्यांत सगळे सुधारले, पण ज्यांचा सराव केला नव्हता त्यांत, ती कामे बरीच मिळतीजुळती असूनही, सरावाचा फायदा दिसला नाही. आता तुम्ही म्हणाल की तुमच्या आई साठीच्या पुढच्या आहेत आणि तो खेळही 'ब्रेन एज' नव्हता. दोन्ही आक्षेप रास्त आहेत. खुद्द 'ब्रेन एज' घेऊन वृद्धांवर केलेला प्रयोग र्‍युई नोउची यांच्या गटाने २०१२ साली प्रसिद्ध केला, आणि त्या गटात कावाशिमाही होते. अर्ध्या लोकांना 'ब्रेन एज' आणि उरलेल्यांना 'टेट्रिस' हा वरून पडणारे ठोकळे रचण्याचा खेळ दिला, चार आठवडे, आठवड्यातून किमान पाच दिवस, रोज साधारण १५ मिनिटे. 'ब्रेन एज' खेळणाऱ्यांचा विचार करण्याचा वेग आणि एका कामावरून दुसऱ्यावर वळण्याचे, स्वतःला आवरण्याचे कौशल्य सुधारलेले आढळले. एकंदर बौद्धिक स्थिती आणि अवधान यांत मात्र फरक पडला नाही. हा अभ्यास नेटका आहे, पण शेवटपर्यंत टिकलेले लोक होते अवघे २८, आणि कालावधी एक महिना. त्यावरून आशा बाळगावी, खात्री देऊ नये.

माझे मत असे आहे की हा खेळ मन लावून खेळावा, पण औषध म्हणून खेळू नये. निन्टेंडोनेही तो करमणूक म्हणूनच विकला. या क्षेत्रातल्या सगळ्यांनी एवढा संयम पाळला नाही. 'लुमोसिटी' या मेंदूच्या सरावाच्या सशुल्क सेवेच्या चालकांनी विस्मरण आणि स्मृतिभ्रंश रोखण्याच्या पुराव्यावाचून केलेल्या दाव्यांबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहिताची सरकारी देखरेख करणाऱ्या संस्थेशी जानेवारी २०१६ मध्ये २० लाख डॉलर भरून तडजोड केली. तुमच्या फोनवर 'स्मरणशक्ती वाढवा' म्हणून वर्षाची वर्गणी मागणारे ॲप आले तर हे ध्यानात असू द्या.

'ब्रेन एज'ची जी गोष्ट मला खरोखर आवडते तिची चर्चा कमी होते, आणि ती म्हणजे हा खेळ लवकर संपतो. यंत्र पुस्तकासारखे उभे धरायचे, दोन-तीन सराव करायचे, दिनदर्शिकेवर त्या दिवसाचा शिक्का उमटतो आणि काम झाले. त्याच सरावाचा पुन्हा प्रयत्न करता येतो, पण आलेखात दिवसातला पहिलाच प्रयत्न धरला जातो, त्यामुळे तासन्तास चिकटून बसण्यात काही लाभ उरत नाही. आजचे बहुतेक खेळ माणसाला धरून ठेवण्यासाठी घडवलेले असतात. हा पंधरा मिनिटांत सोडून देतो. शिक्क्यांची संख्या वाढत गेली की नवे सराव उघडतात, एवढेच आमिष. सुडोकूची पाने मात्र वेळेच्या बंधनाशिवाय खेळता येतात. ती जपानबाहेरच्या आवृत्त्यांत मुद्दाम घातली गेली, कारण लंडनच्या 'टाइम्स'ने नोव्हेंबर २००४ मध्ये सुडोकू छापायला सुरुवात केल्यापासून पाश्चात्त्य देशांत त्याचे वेड पसरले होते. तुमच्या आई वर्तमानपत्रातले सुडोकू सोडवत असतील, तर त्यांना तिथूनच सुरुवात करू द्या. स्टायलसने आकडे लिहिण्याचा हात बसेल आणि घड्याळाचे दडपण नसेल.

मोठ्याने वाचण्याचा सराव यंत्रावर करण्यात मला आईंच्या बाबतीत अर्थ दिसत नाही. त्यात इंग्रजी उतारा वाचून संपला की बटण दाबायचे असते, आणि आपण खरोखर वाचले की नुसते बटण दाबले हे यंत्र तपासतही नाही. कावाशिमांचा भर झपाट्याने आणि आवाज काढून वाचण्यावर आहे, भाषेवर नाही. आईंच्या रोजच्या पोथीतले किंवा वर्तमानपत्राच्या अग्रलेखातले पानभर मजकूर मोठ्याने वाचणे हा तोच सराव झाला, आणि समजून वाचण्याचा आनंद त्यात जास्त. पावकी-निमकीपर्यंत पाढे पाठ असलेल्या पिढीतल्या त्या असतील, तर आकडेमोडीत त्या तुम्हाला मागे टाकण्याचीही दाट शक्यता आहे, आणि ती संधी त्यांना जरूर द्यावी. एका कार्ट्रिजवर, म्हणजे यंत्रात घालायच्या खेळाच्या चकतीवजा तुकड्यावर, चार जणांच्या नोंदी राहतात, तेव्हा तुमचीही एक नोंद उघडा. कावाशिमांनी स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांबरोबर वाचन आणि गणिताचा जो उपक्रम केला, त्यात समोर एक कर्मचारी बसून उत्तरे तपासत असे, कौतुक करत असे, गप्पा मारत असे. त्या उपक्रमात गुण आला तो गणिताने की समोरच्या माणसाने, हे वेगळे करणे सोपे नाही, आणि घरी ते वेगळे करण्याची गरजही नाही.

एक गोष्ट मात्र खेळावर सोपवू नका. विसरभोळेपणा म्हणजे चष्मा कोठे ठेवला हे न आठवणे असेल तर काळजीचे कारण सहसा नसते. पण त्याच दिवशी तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे, ओळखीच्या रस्त्यावर चुकणे, पैशांचे नेहमीचे व्यवहार न जमणे असे काही दिसत असेल, तर आलेख सुधारण्याची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा. थायरॉइडचे विकार, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य आणि कमी ऐकू येणे यांमुळेही विस्मरण झाल्यासारखे दिसते, आणि यांवर उपाय करता येतात.

सुरुवात करताना यंत्रातली तारीख आणि वेळ आधी नीट लावून घ्या, कारण शिक्के आणि आलेख त्यावरच चालतात. आई डावखुऱ्या असतील तर तशी निवड सुरुवातीलाच करता येते. स्ट्रूपच्या आधी 'आता बोलता येईल का' असे यंत्र विचारते, तेव्हा खुशाल नाही म्हणावे. ते आवाज न लागणारी दुसरी चाचणी देते, आणि आईंसाठी तीच बरी.