कबालेची नोकरी घ्यावी का? तुमच्या प्रश्नाला उत्तर

नमस्कार. तुमची अडचण अशी: जयसिंगपूरची नोकरी सोडून युगांडातल्या कबाले गावी एका भारतीय मालकाच्या हार्डवेअर पेढीवर हिशेबनीस म्हणून यायचं आहे, पगार शिलिंगमध्ये ठरतोय, सोबत पत्नी आणि चार वर्षांची मुलगी. आणि घरातली वडील मंडळी म्हणतात, "१९७२ साली तिथून आपल्या लोकांना हाकललं होतं, तिकडे कशाला जायचं?" मी २०११ पासून याच गावात, याच धंद्यात आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी गाव समजून घ्या. राजधानी कंपालापासून चारशे किलोमीटरच्या वर, नैर्ऋत्येच्या टोकाला, समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरच्या आसपास. युगांडा म्हटलं की उकाडा डोळ्यांपुढे येतो, पण इथे रात्री ब्लँकेट लागतं. टेकड्यांवर पायऱ्यापायऱ्यांची शेती, त्यात बटाटे, घेवडा आणि ज्वारी. रवांडाची हद्द काटुना नाक्यावर, गावापासून वीसेक किलोमीटरवर. तिथून किगाली ऐंशी किलोमीटर. मोम्बासा बंदरात उतरलेला माल नैरोबी, कंपाला, कबाले करत याच रस्त्याने किगालीला जातो. गावाचं पोट या रस्त्यावर आहे. आम्ही विकतो ते पत्रे (इथे त्यांना माबाती म्हणतात), खिळे, पाइप, रंग. त्यातला बराचसा माल काटुनाकडे जाणारी गिऱ्हाइकंच उचलतात.

काटुनाला एकदा जाऊन तासभर उभे राहा. अलीकडे गाड्या डावीकडून चालतात, पलीकडे उजवीकडून. अलीकडच्या घड्याळात नऊ वाजलेले असतात तेव्हा पलीकडे आठ. रवांडात प्लॅस्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे, म्हणून नाक्याआधीच बायका पिशवीतला माल टोपलीत ओततात. नोटा बदलणारे हातात शिलिंग आणि रवांडन फ्रँकचे गठ्ठे घेऊन फिरत असतात. चोरट्या मालाला इथला शब्द आहे 'मागेंडो'. मोटारसायकलवाल्याला सगळा देश 'बोडाबोडा' म्हणतो, तो शब्दही सरहद्दीवरच जन्मला: केनियाच्या हद्दीवर दोन नाक्यांमधलं अंतर सायकलवरून पार करून देणारी पोरं 'बॉर्डर-बॉर्डर' असं ओरडायची. आणि दुकानाला इथे 'दुका' म्हणतात, ते आपल्याकडूनच आलं.

हे गाव एका माणसामुळेही ओळखलं जातं, आणि तुमच्या दोन्ही शंकांचं उत्तर त्याच्यापाशी येऊन थांबतं. इमॅन्युएल तुमुसीमे-मुतेबिले, पुढे देशाच्या मध्यवर्ती बँकेचा गव्हर्नर झालेला. जन्म १९४९, याच भागातला. शाळा इथलीच, किगेझी कॉलेज बुटोबेरे. १९७२ साली तो मकेरेरे विद्यापीठात विद्यार्थ्यांचा अध्यक्ष होता. ऑगस्टमध्ये हुकूमशहा इदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला सांगितलं. बहुतेकांनी तोंड मिटून घेतलं होतं, काहींना आनंदही झाला होता, कारण दुकानं आणि घरं वाटली जाणार होती. अशा वेळी तेवीस वर्षांच्या या पोराने जाहीर भाषणात त्या हकालपट्टीवर टीका केली. परिणाम व्हायचा तोच झाला. टांझानियामार्गे त्याला इंग्लंडला पळावं लागलं. पदवी डरहॅमला पूर्ण केली, पुढे ऑक्सफर्ड, मग दार-एस-सलाम विद्यापीठ. अमीन गेल्यावर तो परत आला.

घरच्यांनी १९७२ चं नाव काढलं की त्यांना हे सांगा. हाकललं हे खरंच आहे, लोकांची आयुष्याची कमाई गेली. पण आपल्यासाठी स्वतःचा देश सोडायची पाळी ज्याच्यावर आली, तोही इथलाच, याच डोंगरातला. नव्वदच्या दशकात सरकारने जप्त मालमत्ता मूळ मालकांना परत दिल्या आणि बरेच जण परतले. मला तेरा-चौदा वर्षांत 'मुहिंदी' (म्हणजे भारतीय) म्हणून हाक पुष्कळ वेळा आली, धमकी एकदाही नाही. राग येतो तो मालक मंडळी नोकरांशी तुसडेपणाने बोलतात तेव्हा. तुम्ही हिशेबाला बसणार म्हणजे पगाराच्या दिवशी तुमच्यासमोर रांग लागणार. सकाळी 'अगांडी' म्हणून विचारपूस करा, समोरचा 'नि मारुंगी' म्हणेल. एवढ्यानेही बराच फरक पडतो, माझ्यावर विश्वास ठेवा.

आता पगार. १९८६-८७ मध्ये या देशात महागाई वर्षाला दोनशे टक्क्यांच्या वर गेली होती. १९८७ साली नोटेवरची दोन शून्यं उडवली गेली आणि बदलून देताना वर तीस टक्के करही कापून घेतला. १९९२ मध्ये अर्थ आणि नियोजन ही दोन खाती एक झाली आणि मुतेबिले त्याचा सचिव झाला. जमा होईल तेवढंच खर्चायचं, नोटा छापून भागवायचं नाही, हा शिरस्ता त्याने लावून धरला. परकीय चलन उघडपणे विकत घेता येऊ लागलं; १९९७ नंतर पैसा बाहेर पाठवायलाही बंधन उरलं नाही. तुम्ही इथून बिनदिक्कत घरी पैसे पाठवू शकाल, त्याची पाळंमुळं तिथे आहेत. २००१ पासून २०२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो बँक ऑफ युगांडाचा गव्हर्नर होता.

मी आलो त्याच वर्षी त्याची कसोटी लागली. साखर दुकानांतून गायब, ऑक्टोबरपर्यंत महागाई तीस टक्क्यांवर. माझा पगार शिलिंगमध्ये ठरलेला, वर्षभर वाढ नाही असं करारात लिहिलेलं. डिसेंबरात घरी पाठवलेले पैसे रुपयांत मोजले तेव्हा लक्षात आलं की जूनमध्ये ठरलं होतं ते हे नव्हेच. इकडे त्याने व्याजाचा मूळ दर जुलैतल्या १३ टक्क्यांवरून नोव्हेंबरात २३ वर नेला. कर्ज महागलं, आमच्या मालकाने गल्ल्यावर हात आपटला, जानेवारीत कंपालाच्या व्यापाऱ्यांनी दुकानं बंद ठेवली. पण २०१२ सरेपर्यंत महागाई पाच-सहा टक्क्यांवर आली. धंदेवाल्यांचं त्यात नुकसान झालं, मी नाकारत नाही. पण पगारावर जगणाऱ्याच्या बाजूने उभा राहणारा माणूस मी त्या वर्षी पाहिला.

त्याच्यावर टीकाही झाली. बंद केलेल्या सात बँकांच्या प्रकरणी संसदेच्या समितीने २०१८-१९ मध्ये चौकशी केली आणि मध्यवर्ती बँकेच्या कारभारावर ताशेरे ओढले. ते ताशेरे मला योग्य वाटतात. तरीही या गावात त्याचं नाव लोक आदराने घेतात, आणि मीही घेतो.

तेव्हा पगार डॉलरमध्ये मागा. मालक तयार नसेल तर दर सहा महिन्यांनी फेरविचार, असं करारातच लिहून घ्या. पगाराच्या पाच टक्के रक्कम भविष्यनिधीत कापली जाते आणि दहा टक्के मालकाने भरायची असते. ती भरली जाते का, हे विचारा. वर्क परमिट मालकाने काढायचं. "टुरिस्ट व्हिसावर या, मग बघू" असं कोणी म्हणालं तर येऊ नका. पासपोर्ट मालकाच्या कपाटात ठेवायला देऊ नका. माझ्या पहिल्या मालकाकडे माझा अकरा महिने पडून होता आणि आई आजारी पडली तेव्हा तो परत मिळवण्यात चार दिवस गेले.

दुसरी गोष्ट मालकाला नक्की विचारा: नाका बंद झाला तर माझ्या पगाराचं काय? फेब्रुवारी २०१९ च्या अखेरीस रवांडाने काटुनाची वाट बंद केली. दोन्ही सरकारांचं बिनसलं होतं. तीन वर्षं ती तशीच राहिली, वरून कोविड. आमच्याकडे एक बाई दर बुधवारी पलीकडून यायची, वीस-पंचवीस पत्रे घ्यायची, पैसे पदराच्या गाठीतून काढून दोनदा मोजायची. ती यायची थांबली. वखारीत पत्र्यांवर गंज चढला, सातातले तीन हमाल कमी झाले, मला चार महिने अर्धा पगार मिळाला. मुतेबिले २३ जानेवारी २०२२ रोजी गेला, त्याला इथे गावी आणून पुरलं. आठवड्याने, ३१ जानेवारीला, नाका उघडला. आधी मालाचे ट्रकच सोडले, पायी जाणाऱ्यांना आणखी थांबावं लागलं. ती बाई एप्रिलमध्ये आली. पत्रे फक्त सहा घेतले.

तुमचा पगार नाक्यावर किती अवलंबून आहे, हे मालकाच्या खतावणीवरूनच कळेल. स्थानिक गिऱ्हाईक निम्म्याहून जास्त असेल तर या. सगळा भर रवांडावर किंवा काँगोवर असेल तर मी तुमच्या जागी असतो तर एकटा आलो असतो, आणि घरच्यांना वर्षभरानंतर आणलं असतं. काँगोच्या बाजूचा बुनागाना नाका जून २०२२ मध्ये बंडखोरांनी घेतला, हेही ध्यानात असू द्या.

मुलीच्या शाळेचं सांगायचं तर वर्ष फेब्रुवारीत सुरू होतं, तीन सत्रं, माध्यम इंग्रजी. भारतीय अभ्यासक्रम हवा असेल तर कंपालाच. मोठ्या दुखण्यालाही कंपालाच, आणि तो रस्ता सात-आठ तासांचा.

निघण्याआधी पीतज्वराची लस घ्या, त्याचं पिवळं कार्ड विमानतळावर मागतात. डॉलर आणाल ते शंभराच्या नव्या, घडी न पडलेल्या नोटांत. जुन्या किंवा लहान नोटांना इथे भाव कमी मिळतो. हिंग, गोडा मसाला आणि स्वेटर सोबत घ्या. ज्वारीचं पीठ आणू नका, इथे मिळतं. लोक त्याचं 'ओबुशेरा' नावाचं पेय करतात, आमच्याकडे भाकरी होते. रंगाने लालसर, चवीला जराशी तुरट. गरम पाण्याची उकड काढून थापली की मोडत नाही, पत्नीला सांगून ठेवा. कराराचा मसुदा हातात आला की मला पाठवा, पगाराचं कलम आणि नाक्याचं कलम मी वाचून कळवतो.