सीएनसी मशीनवर लाकडी पाटीची उठावाची अक्षरं कोरायला किती दिवसांत शिकता येतं? कोर्स कोणता करावा?

तुम्ही लिहिलंय की सीएनसी राउटर, म्हणजे संगणकातल्या फाइलवरून लाकूड कोरणारं मशीन, घेतलाय, बंगल्यांच्या आणि दुकानांच्या पाट्या करायच्या आहेत. मशीन चालवायला आठ दिवस पुरतात. कोर्स मी केलेला नाही, त्यामुळे त्याबद्दल सांगू शकत नाही. पण प्रश्नाच्या शेवटी तुम्ही विचारलंय, "आता हाताने कोरायला शिकण्यात काही अर्थ नाही ना?" हे वाक्य मी माझ्या घरात इतक्यांदा ऐकलंय की उत्तर दिल्याशिवाय राहवेना.

आम्ही सासवडकडचे सुतार. वडील, म्हणजे आमचे अण्णा, पटाशी (छिन्नी) आणि मोगरी (लाकडी हातोडा) घेऊन पाट्या कोरायचे. मशीन थोरल्या भावाने आणलं. दादाचं म्हणणं एकच होतं: फाइल टाकायची, पाटी काढायची, अण्णांनी आता आराम करावा. अण्णा काही बोलले नाहीत. शेडच्या कोपऱ्यात त्यांची पेटी तेवढी राहिली.

पहिल्याच वर्षी एक निवृत्त गुरुजी आले. कऱ्हा नदीच्या काठाला त्यांनी घर बांधलं होतं, घराचं नाव 'कऱ्हाकाठ'. पाटीसाठी फळी त्यांनीच आणली होती, पडलेल्या वाड्याच्या दाराची, सव्वा इंच जाडीचं जुनं सागवान. तसं लाकूड आता मिळत नाही. लोहचुंबक फिरवून मी त्यातले चार खिळे काढले, रंधा मारून तोंड सपाट केलं, फळी मशीनच्या बेडवर, म्हणजे टेबलावर, बसवली. दादाने नाव टाइप केलं, फॉण्ट निवडला, अक्षरं वक्र करून, म्हणजे बाह्यरेषांत बदलून, फाइल दिली. साडेतीन तास मशीन चाललं. सहा मिलिमीटर उठाव, जमीन (अक्षरांभोवतीचा खोलगट भाग) एकसारखी, आम्ही दोघेही खूश.

गुरुजींनी चष्मा लावला आणि अक्षरांवरून बोट फिरवलं. 'हा'वर येऊन बोट थांबलं. म्हणाले, "हे कर्हा झालं रे. आमची नदी कऱ्हा."

'र'ला हलन्त देऊन पुढे 'ह' लावला की संगणक रफार काढतो, अक्षराच्या डोक्यावर. मराठीत कऱ्हा, वऱ्हाड, दऱ्या, सुऱ्या यांना रफार नाही, तिथे 'ह'च्या किंवा 'य'च्या डाव्या अंगाला चंद्रकोरीसारखा अर्धा 'र' येतो. त्यासाठी नुक्त्याचा 'ऱ' टाइप करावा लागतो. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून 'जे' दाबायचं, मग हलन्त, मग पुढचं अक्षर. बोलताना दादा कऱ्हाच म्हणतो, जन्मभर तिचं पाणी प्यायलाय. पण पडद्यावर रफार आला तेव्हा त्याला खटकला नाही, आणि मशीनशेजारी साडेतीन तास उभं राहून मलाही खटकला नाही. ती लाज अजून जात नाही. उठावाच्या कामात अक्षराभोवतीचं लाकूड निघून गेलेलं असतं, ते परत भरता येत नाही. खोल कोरलेलं असतं तर लांबी (पुट्टी) भरून काहीतरी झाकता आलं असतं.

त्या दिवशी अण्णा उठले. गुरुजींना म्हणाले, आठ दिवस द्या. हातरंध्याने त्यांनी ती सगळी अक्षरं जमिनीपर्यंत उतरवली. सहा मिलिमीटर लाकूड गेलं, पंचवीसच्या वर उरलं. मग पेन्सिलीने नाव लिहिलं. मी त्याचा फोटो घेऊन रेषा वक्रांत बसवल्या आणि आधी एका बाद फळीवर चालवून बघितलं. चंद्रकोरीचं टोक उडालं. दुसऱ्यांदा चालवलं, पुन्हा उडालं. दादा म्हणाला, फीड (कटर पुढे सरकायचा वेग) कमी कर. कमी केला, तरी उडालं.

अण्णांनी कारण दाखवलं. पाटी आडवी, म्हणजे लाकडाचे तंतूही आडवे. शिरोरेषा त्यांच्याच दिशेने जाते म्हणून ती दणकट. काना उभा, तंतूंना छेदून जाणारा. तीन मिलिमीटर रुंद काना म्हणजे तीन मिलिमीटर लांबीचे तंतू एकमेकांना चिकटून उभे, बाजूने धक्का बसला की ढलपी निघाली. अनुस्वाराचा ठिपका तर चारी बाजूंनी उघडा. चंद्रकोरीचं टोक बारीक होत जातं, त्याला धरून ठेवायला मागे काहीच नसतं. मशीनला हे दिसत नाही, ते दिलेल्या रेषेवर जातं. शेवटी असं ठरलं की मशीनने चंद्रकोरीभोवती एक मिलिमीटर लाकूड सोडायचं आणि तेवढं अण्णांनी पटाशीने उतरवायचं, प्रत्येक काप टोकाकडून जाड भागाकडे. तसंच केलं, आणि टोक राहिलं.

दादा आजही म्हणतो, "फाइल बरोबर असती तर काम बरोबर झालं असतं." माझं त्याला तेव्हाही हेच उत्तर होतं, आजही हेच आहे: फाइल बरोबर आहे हे कळायला अक्षर कळावं लागतं, आणि बरोबर फाइलवरसुद्धा टोक तीनदा उडालं. तो आता शहरात अॅक्रिलिक आणि एलईडीच्या पाट्या करतो, पैसे माझ्यापेक्षा जास्त कमावतो, आणि नातेवाईक त्यावरून तोच बरोबर होता असं ठरवतात. पैशांचा आणि या मुद्द्याचा काही संबंध नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानांना मराठी पाट्यांसाठी दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा घाईघाईने लागलेल्या पाट्या बाजारात फिरून बघा. चुकीचे रफार, तुटलेल्या शिरोरेषा. 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे, खरं तर शासनाच्या २००९ च्या निर्णयात पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' स्पष्ट दिलेला आहे. मशीन सगळीकडे चांगलीच होती.

तुमच्या कामाचं थोडं सांगतो. सॉफ्टवेअर व्हीकार्व्ह घ्या, सपाट माथ्याच्या उठावाला पुरतं. त्याच कंपनीचं अॅस्पायर गोलाई आणि नक्षी हवी असेल तरच. अक्षरं वक्रांत बदलल्यावर सगळ्या शिरोरेषा सॉफ्टवेअरमध्ये एकमेकींत वेल्ड करा, म्हणजे जोडून एक करा. देवनागरीत शेजारच्या दोन अक्षरांच्या रेषा एकमेकींवर चढलेल्या असतात, तशाच सोडल्या तर प्रत्येक जोडावर खाच पडू शकते. कटर डाउनकट मागा, म्हणजे तंतू खाली दाबत कापणारा. अपकट तंतू वर उचलतो, आणि उठावात वरची कडच नजरेत भरते. डाउनकटमध्ये भुसा खाचेत दाबला जातो, म्हणून व्हॅक्यूम जवळ धरा. एका फेरीत कटरच्या व्यासाच्या निम्म्याहून खोल जाऊ नका. भिंती सरळ उभ्या ठेवण्यापेक्षा साठ अंशांच्या व्ही-बिटने (टोकदार कटरने) उतरत्या करा, अक्षराचा पाया रुंद होतो आणि काने-ठिपके वाचतात. तीन मिलिमीटरचा कटर तीनपेक्षा अरुंद फटीत जात नाही, त्यामुळे 'क्ष', 'ष्ट', 'द्ध' असलेल्या नावाची अक्षरं दोन इंचांपेक्षा लहान घेऊच नका. गिऱ्हाइकाला नाही म्हणा. सागवानात सिलिका असते, कटरची धार लवकर जाते, तो खर्च दरात धरा. आणि पॉलिश मागच्या बाजूलाही मारा, नाहीतर एका पावसाळ्यात फळी वाकते.

हाताने कोरायला शिका म्हणजे अख्खी पाटी हाताने करा असं मी म्हणत नाही. जमीन उतरवायचं काम मशीनचंच. अण्णांनाही आता तेच पटतं, गेल्या दिवाळीपासून ते स्वतः बेडवर फळी बसवतात. एमडीएफवर (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीवर) काम करणार असाल तर तंतूंबद्दलचं वरचं सगळं तुम्हाला लागू नाही, त्यात तंतूंना दिशाच नसते. पण लाकूड वापरणार असाल तर एक अर्ध्या इंची आणि एक पाव इंची पटाशी घ्या, धार लावायचा दगड घ्या, आणि महिनाभर रोज सागाच्या तुकड्यावर नुसता 'ऱ्ह' काढा. आधी पेन्सिलीने, मग पटाशीने.