कसरत, कवायत आणि विमानाची कोलांटी

प्रश्न कोल्हापूरच्या वाचकाचा आहे: आकाशात विमानं जे करून दाखवतात त्याला 'हवाई कसरती' म्हणायचं, 'कवायती' की 'करतब'? आणि लूपला, म्हणजे विमानाने आकाशात घेतलेल्या उभ्या वर्तुळाला, 'कोलांटी' चालेल का?

'करतब' आधी निकालात काढू. हिंदीत 'कर्तव्य' झिजून झालेला हा शब्द वाहिन्यांनी उचलला, एवढ्याने तो मराठी होत नाही.

'कवायत' म्हणजे अरबी 'कवाइद', आपल्या 'कायदा'चं चक्क अनेकवचन. नियमात बांधलेली हालचाल. 26 जानेवारीला विमानं ओळीत डोक्यावरून जातात ती कवायत, फार तर संचलन. त्यालाही 'चित्तथरारक कसरती' छापतात. सरळ आली, सरळ गेली, थरार कसला? हवाई दलाच्या 'सूर्यकिरण' पथकाची विमानं पंखाला पंख भिडेल अशा बेताने एकत्र लूप घेतात, तिथे मात्र दोन्ही शब्द शोभतात.

आता खरी गंमत. 'कसरत' मूळ अरबी, अर्थ विपुलता, रेलचेल. भरपूर वेळा करायचं म्हणून सराव, सरावावरून व्यायाम. उर्दूत बहुमताला आजही 'कसरत-ए-राय' म्हणतात. म्हणजे 'बहुमतासाठी तारेवरची कसरत' असा मथळा देणारा एकच शब्द दोनदा लिहितो! 'कस लागतो ती कसरत' असं ठासून सांगणाऱ्यांनी उरलेल्या 'रत'चा हिशेब द्यावा. माझं मत विचाराल तर या शब्दाला घाम चिकटला तो आखाड्यात. पाचशे जोर, हजार बैठका. तिथे संख्या हाच व्यायाम. 'तालीम'सुद्धा अरबीत नुसतं शिक्षण, 'इल्म'च्या घरातलं. कोल्हापूरच्या गंगावेशीत त्याला लाल माती लागली.

हां, कोलांटी. कोलांटीत डोकं आधी खाली जातं. लूपमध्ये नाक वर उचलतं आणि वैमानिकाचं डोकं वर्तुळाच्या आत राहतं, म्हणून ती उलटी कोलांटी. पहिली मारली रशियन वैमानिक प्योत्र नेस्तेरोवने, कीवमध्ये, सप्टेंबर 1913 मध्ये. बक्षीस म्हणून सरकारी विमान धोक्यात घातल्याबद्दल अटक. सुलटी कोलांटी म्हणजे आउटसाइड लूप: नाक खाली, डोकं वर्तुळाच्या बाहेर. ती 1927 साली अमेरिकन वैमानिक जिमी डूलिटलने साधली. तिच्यात रक्त डोक्याकडे धावतं, म्हणून ती फार जड जाते.

साधा लूप बिघडतो तो स्टिकच्या, म्हणजे वैमानिकाच्या हातातल्या दांड्याच्या, ओढीत. सुरुवातीला साडेतीन-चार जी, म्हणजे अंगाचं वजन साडेतीन-चार पट वाटेल, इतकी ओढ लागते. कमी पडली तर माथा गाठण्याआधीच वेग संपतो; एकदम खेचली तर वेग असूनही पंख स्टॉल होतात, म्हणजे विमानाला पुरेसं उचलून धरेनासे होतात. माथ्यावर वेग कमी असतो, तिथे ओढ सैल करायची. ती तशीच धरली तर वर्तुळ वरच्या बाजूला चिमटतं, आणि खालून बघणाऱ्यालाही ते कळतं.

रोलला मात्र कोलांटी छापू नका. विमान तिथे नाक-शेपटीच्या अक्षावर फिरतं. देवळाभोवती लोटांगण घालणारा फिरतो तसं. मराठी शब्द हवाच असेल तर 'कूस पालटणे' घ्या. अर्धी कूस पालटून विमान उताणं झालं की नाक जमिनीकडे घसरू लागतं, आणि ते सावरायला स्टिक ओढायची नसते, पुढे ढकलायची असते.