मेळावा काय फक्त पास झालेल्यांचा असतो?

प्रश्न : भाऊसाहेब, आमची शाळा जुनी, शंभरी कधीच ओलांडलेली. दिवाळीनंतर आमच्या 1984 च्या दहावीच्या बॅचचा मेळावा आहे. ग्रुपवर सगळे पुण्या-मुंबईचे इंजिनिअर, बँकवाले, साहेब लोक. मी गणितात उडालो, पुन्हा बसलो नाही. पारोळा तालुक्यात कोरडवाहू शेती करतो. वर्गणी दोन हजार, त्यात कपाशी वेचणीचे दिवस. जावं का? – एक वाचक

उत्तर : जा भाऊ. मी शाळेत कारकुनी केलेला माणूस, म्हणून कागदोपत्रीच सांगतो. जनरल रजिस्टरात पोराचं नाव चढतं ते शाळेत प्रवेश घेतल्या दिवशी. दहावीचा निकाल त्यानंतर कैक वर्षांनी लागतो. एकाच वर्षी ज्यांची नावं चढली ती तुमची बॅच. बोर्डाच्या निकालाला त्यात कोण विचारतो?

आता माझं एक काम करा. मुख्याध्यापकांना आधी फोन करून ते रजिस्टर बघू द्यायची विनंती करा. शाळा हाजऱ्या रद्दीत काढते, पण जनरल रजिस्टर कायम जपून ठेवते. शेवटच्या रकान्यांत ‘शाळा सोडल्याचे कारण’ असतं. तिथे ‘सततच्या गैरहजेरीमुळे नाव कमी केले’ असा शेरा बऱ्याच नावांपुढे दिसेल. कोणी आठवीत सालदारकीला लागला, कोणी नववीत बोहल्यावर चढली. ही मंडळी ग्रुपवर नाहीत, कारण ग्रुप बनवणाऱ्याकडे त्यांचा नंबरच नाही. मुलींची तर आडनावंही बदललेली. पुण्याच्या इंजिनिअरला त्या सापडायच्या नाहीत. कोण धरणगावला दिली, कोण साक्रीकडे, हे गावात राहिलेल्या माणसाला ठाऊक असतं. त्यातल्या दोघा-तिघांना जरी सोबत आणलंत, तरी स्टेजवरच्या सगळ्या भाषणांपेक्षा मोठं काम होईल.

भाषणं तर होणारच. जुनी शाळा म्हटली की आपल्याकडे प्रत्येक वक्ता साने गुरुजींपासून सुरू करतो आणि स्वतःवर येऊन थांबतो. गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलात 1924 ते 1930 शिक्षक होते, छात्रालयही सांभाळायचे. तिथल्या मुलांसाठी ते रोज हाताने ‘छात्रालय दैनिक’ लिहून काढत. तुमच्या ग्रुपला सुचवा : फ्लेक्स एक कमी करा आणि त्या पैशात बॅचची यादी छापा. सुटलेल्यांच्या नावासकट, आणि वारलेल्यांच्याही. या वयात तीही निघतात.

साहेब लोकांचं फार मनावर घेऊ नका. पहिला अर्धा तास गाड्या, फ्लॅट आणि अमेरिकेतली मुलं. मग कोणीतरी मागून ‘काय रे भाऊ, कसा शे?’ म्हणून पाठीत धपका घालतो आणि सगळे अहिराणीवर येतात.

वर्गणीचं संयोजकाला एकट्याला फोन करून स्पष्ट सांगा, ग्रुपवर लिहू नका. मळ्यात वांगी असतील तर भरीताची वांगी माझ्याकडून, असंही म्हणा. केटररच्या पनीरला या लोकांची ना नसते, पण भरीत-पुरी म्हटली की पुणेकर आधी ताट घेऊन उभे राहतात. वेचणीला मजूर मिळत नसतील तर सकाळचा शाल-श्रीफळाचा कार्यक्रम खुशाल बुडवा. जेवणाच्या वेळेला पोचा, आणि त्या दोघा-तिघांना गाडीवर बसवूनच या.