पोहता येत नाही, सहकुटुंब अंदमानला चाललोय. पाण्यातलं काय करावं, काय सोडावं?

तुम्ही लिहिलंय की घोडबंदर रोडला राहता, जानेवारीत सहा दिवस अंदमानला जायचा विचार आहे, सोबत आई, बायको आणि ९ वर्षांचा मुलगा, आणि पोहता कुणालाच येत नाही. आम्ही ऐरोलीचे. मी, नवरा, तेव्हा ११ वर्षांची असलेली लेक आणि सासूबाई असे चौघं जाऊन आलोय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

विमानाची तिकिटं अजून काढली नसतील तर आधी कालनिर्णय उघडा आणि अमावास्या कधी आहे ते बघा. हॅवलॉक आणि नील (आता स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप) या बेटांवरचे तुमचे दिवस अमावास्येच्या आसपास येऊ द्या. आमच्या ऐरोलीत फ्लेमिंगो बघायची बोट भरतीप्रमाणे सुटते, रोज वेगळ्या वेळेला. तिथलं सगळंच तसं आहे, पण पॅकेजवाले हे सांगत नाहीत. नीलवरचा नैसर्गिक दगडी पूल, ज्याला तिथले बंगाली लोक हावडा ब्रिज म्हणतात, नीट बघायचा तर ओहोटीच हवी. अमावास्येला उधाण असतं, त्यामुळे ओहोटीही खूप आत जाते आणि खडकांमधल्या डबक्यांत समुद्रकाकड्या, खेकडे, बारके मासे हात लावावा इतक्या जवळ दिसतात (हात मात्र लावू नका). आपल्याकडचं तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढायचं गणित तिथे चालत नाही. पोर्ट ब्लेअरचं (आता श्री विजयपुरम) भरती-ओहोटीचं कोष्टक मोबाईलवर मिळतं, तेच बघा.

अमावास्येचा दुसरा फायदा रात्रीचा. हॅवलॉकला खारफुटीतून रात्री कयाक नेतात. काळोख असेल तर वल्हं मारलं की पाण्यात निळसर ठिणग्या उठतात. पाण्यातले सूक्ष्म जीव ढवळले की चमकतात. लेकीने हात बुडवून बाहेर काढला तर बोटांवरून उजेडाचे थेंब ओघळत होते. पौर्णिमेला गेलात तर यातलं फारसं काही दिसणार नाही. लाइफ जॅकेट असतं, पोहता यायची गरज नाही.

आता स्नॉर्केलिंग, म्हणजे मास्क आणि श्वासाची नळी लावून पाण्यावर तरंगत खालचं बघणं. माझं ठाम मत आहे की तुमच्या कुटुंबाने पैसे यावरच खर्च करावेत. पण निघायच्या आधी ठाण्यातच दोन-तीन रविवार तरण तलावात घालवा. पोहायला शिकायला नाही, फक्त मास्क लावून, कंबरभर पाण्यात तोंड बुडवून तोंडाने श्वास घ्यायला. मी हे केलं नव्हतं. हॅवलॉकच्या एलिफंट बीचला पहिल्यांदा पाण्यात मान घातली आणि सवयीने नाकाने श्वास ओढला. मास्क गच्च चिकटला, जीव घाबरला, आणि मी दोन मिनिटांत बाहेर आले. लेक तलावात सराव करून आली होती, ती तासभर पाण्यात होती. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा प्रयत्न केला तेव्हा खालून कट् कट् असा आवाज येत होता. बघते तर हिरवा-निळा पोपटमासा चोचीसारख्या दातांनी प्रवाळ कुरतडत होता. तिथली पांढरी वाळू बरीचशी याच माशांनी दळून बाहेर टाकलेली असते. तुम्हाला मिशा असतील तर मास्कमध्ये पाणी झिरपेल, त्याची तयारी ठेवा. काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून थुंकी चोळून विसळायची, सगळे तेच करतात. आणि पायाखाली प्रवाळ असेल तिथे उभं राहू नका, ते जिवंत असतं.

स्कूबाला (पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जाणं) सहसा १० वर्षं पूर्ण लागतात, म्हणजे तुमचा मुलगा बाद. त्याला आधीच सांगून ठेवा, किनाऱ्यावर रडारड नको. तुम्ही दोघं करू शकता, पोहता येत नसलं तरी. प्रशिक्षक पूर्ण वेळ धरून असतो. खाली जाताना नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, कानातला दाब मोकळा होतो. सर्दी असेल तर सरळ रद्द करा. दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. आणि स्कूबानंतर किमान १८ तास विमानात बसू नका, म्हणून तो पहिल्या-दुसऱ्या दिवशीच उरका. सी-वॉक (डोक्यावर हवेचं हेल्मेट घालून समुद्राच्या तळावर चालणं) मी सोडून दिला असता.

आईंसाठी नीलच्या भरतपूर किनाऱ्यावरची काचेच्या तळाची बोट. ऊन डोक्यावर असताना जा, तेव्हाच खालचे रंग उघडतात. माझ्या सासूबाई गुडघ्यांमुळे कुठेच उतरल्या नव्हत्या, त्या काचेवर ओणवून बसल्या आणि बोट परत फिरली तरी मान वर करेनात. दगडी पुलाकडे मात्र आईंना नेऊ नका, खडक फार निसरडे आहेत.

जानेवारीत तिथे सव्वापाचच्या सुमारास सूर्य मावळतो, आपल्यापेक्षा तासभर आधी. हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्यावर साडेतीनलाच पोचा, आणि जीवरक्षक असतात त्याच भागात डुंबा. बाजूच्या नील्स कोव्हकडे अजिबात जाऊ नका. २०१० साली तिथे मगरीने एका पर्यटक तरुणीचा जीव घेतला होता. खाडीच्या तोंडाशी, खारफुटीजवळ पाण्यात उतरायचं नाही हे मुलालाही बजावून ठेवा.

आणि संध्याकाळी वाळूवर नुसते बसू नका. वाळूतल्या बारीक माश्या चावतात, आठवडाभर खाज जात नाही. जाड चटई आणि पायभर खोबरेल तेल घेऊन जा. शिंपले, प्रवाळाचे तुकडे मुलाच्या खिशात राहिले नाहीत ना, तेही निघताना तपासा. ते आणायला बंदी आहे.